इनहेलरची कडू चव आणि तिच्यामागचं कारण

दम्याच्या पंपानंतर तोंडात रेंगाळणारी कडवट, धातूसारखी चव घालवायला बहुतेकजण आधी गोळी चघळतात. माझं म्हणणं असं की आधी ती चव तिथे आली कशी ते बघावं. चव जिभेला आणि घशाला लागते, फुप्फुसांना नाही. म्हणजे जेवढी चव जास्त, तेवढं औषध वाटेतच पडलं असण्याची शक्यता जास्त. थोडी चव उत्तम पद्धतीतही येते. पण रोज तोंड वाकडं होत असेल, तर पद्धत एकदा नीट तपासायलाच हवी.

फवाऱ्याच्या पंपातून औषध फार वेगाने सुटतं. त्यातले साधारण 5 मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण घशाकडचं वळण घेऊ शकत नाहीत, ते समोर आदळतात आणि तिथेच चिकटतात. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, नसेल तर औषधाचा मोठा भाग असाच तोंडात आणि घशात राहतो. स्पेसरमध्ये फवाऱ्याचा वेग मंदावतो, मोठे कण त्याच्या भिंतींवर अडकतात आणि बारीक कण श्वासाबरोबर आत जातात. चवीवरचा सगळ्यात खात्रीचा उपाय हाच, आणि मोठ्या माणसांनीही तो वापरताना संकोच करू नये. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरचं तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटायचे, जीभ खाली ठेवायची, एकच फवारा मारायचा आणि लगेच सावकाश, तीन ते पाच सेकंद श्वास आत घ्यायचा. मग जमेल तितका, शक्यतो दहा सेकंद, रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या ते एक मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये भरले तर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि आत जाणारं औषध कमी होतं.

स्पेसर कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या सौम्य साबणाने धुवायचा आणि फडक्याने न पुसता हवेवर वाळू द्यायचा. पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींनाच चिकटून बसतं. तोंडात धरायच्या भागावरचा साबण मात्र काढून टाका. कधीकधी ज्या चवीबद्दल औषधाला दोष दिला जातो, ती या साबणाची असते.

पावडरच्या इनहेलरचं तंत्र याच्या अगदी उलट आहे, आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो. फवाऱ्याला सावकाश श्वास लागतो, पावडरला पहिल्या क्षणापासून जोरदार आणि खोल. बहुतेक पावडरींत औषधाचे बारीक कण लॅक्टोजच्या (दुधातल्या साखरेच्या) जाड कणांना चिकटलेले असतात आणि ते सुटे होतात ते तुमच्याच श्वासाच्या जोरावर. श्वास हळू घेतला की पावडर तशीच जिभेवर येऊन बसते. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारचे इनहेलर आहेत, त्यांच्याकडून एकाची सवय दुसऱ्याला नकळत लागते. आणखी एक: पावडरच्या इनहेलरमध्ये कधीही फुंकू नका. श्वासातल्या ओलाव्याने पावडरच्या गुठळ्या होतात. श्वास सोडताना तोंड बाजूला वळवा.

पावडरची चव काहींना गोडसर लागते, ती लॅक्टोजची. काही इनहेलरमध्ये चव जवळजवळ लागतच नाही. तेव्हा औषध गेलंच नाही असं समजून दुसरा डोस घेऊ नका. डोस मोजणारा आकडा किंवा रिकामी झालेली कॅप्सूल बघा.

आता तोंड धुण्याबद्दल. स्टेरॉइड असलेल्या इनहेलरनंतर चूळ भरणं, घशापर्यंत गुळणी करणं आणि पाणी थुंकून टाकणं हे फक्त चवीसाठी नसतं. तोंडात बुरशी होऊ नये आणि आवाज बसू नये म्हणूनही ते करायचं. सोपी युक्ती म्हणजे सकाळ-संध्याकाळचा डोस दात घासण्याच्या अगदी आधी घेणं. ब्रश, चूळ, गुळणी सगळं एका ओळीत होतं आणि डोसही विसरत नाही. नुसत्या सल्बुटामॉलनंतर, म्हणजे दम लागल्यावर लगेच आराम देणाऱ्या औषधानंतर, चूळ सक्तीची नाही, पण चव नकोशी वाटली तर खुशाल भरा. डोसाआधी तोंड कोरडं असेल तर दोन घोट पाणी प्या. मात्र दम लागलेला असताना यातलं काहीही आठवत बसू नका; आधी औषध घ्या, चवीचं मग बघू.

जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरे डाग, गिळताना दुखणं किंवा कायमची बिघडलेली चव असेल तर डॉक्टरांना दाखवा. पद्धत सुधारूनही चव सहन होत नसेल, तरी तेच करा. दुसरं औषध किंवा दुसऱ्या प्रकारचं उपकरण मिळू शकतं. चवीपायी रोजचा इनहेलर गुपचूप बंद करणं मात्र धोक्याचं आहे, कारण त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो आणि तोवर कारण लक्षातही राहत नाही.

लहान मुलांना मास्क लावत असाल तर तो गालांना नीट चिकटलेला हवा, आणि स्टेरॉइडनंतर चेहराही पुसून घ्यावा. नेब्युलायझरवर (पातळ औषधाचं बारीक धुकं करणारं यंत्र) मूल पुरेसं मोठं असेल तर मास्कऐवजी तोंडात धरायची नळी वापरा. आणि चव बदलण्यासाठी नेब्युलायझरच्या कपात अर्क, सुगंधी तेल, साखरेचं पाणी असलं काहीही घालू नका. तोंडाला चालणारी वस्तू श्वासनलिकेत गेली, तर ती आकसून दम लागू शकतो.