चारही डॅशबोर्ड हिरवे, तरी पेमेंट अडकलेलं

मोठ्या कंपनीत ऑटोमेशनचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, 'सगळं एकाच प्लॅटफॉर्मवर आणू या' हे वाक्य त्याने ऐकलेलं असतंच. बहुतेकदा नवा सीआयओ, म्हणजे आयटीचा प्रमुख, आला की ते पुन्हा ऐकू येतं. स्लाइडवर डावीकडे सात-आठ लोगो विखुरलेले, मध्ये एक जाड बाण आणि उजवीकडे एकच लोगो. तो बाण किती वर्षांचा, हे मात्र स्लाइडवर नसतं. माझी नोकरी त्या बाणातच आहे.

आमच्याकडे काय काय आहे? फायनान्सने बॉट घेतले, कारण त्यांच्या जुन्या स्क्रीनना एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने थेट आत शिरायची वाट, नव्हता. माणसासारखं क्लिक करत जाणं एवढाच मार्ग होता. एचआरने मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट धरलं, कारण ते ऑफिसच्या लायसन्सबरोबर आलेलंच होतं. डेटा टीम डेटाची कामं क्रमाने चालवणाऱ्या एअरफ्लोशिवाय दुसऱ्या कशाला हात लावत नाही. रात्रीच्या बॅचसाठी कंट्रोल-एम आहे, ते तर टीममधल्या निम्म्या लोकांच्या आधीपासून कंपनीत आहे. मार्केटिंगमध्ये कुणीतरी स्वतःच्या कार्डावर वेगवेगळी ॲप जोडणारं झॅपियर चालू केलेलं सापडलं. आणि एक्सेलचे मॅक्रो, ते सगळीकडेच. त्या मॅक्रोंची भाषा, व्हीबीए, एक्सेलमध्ये १९९३ साली आली. महिनाअखेर अजूनही तिच्यावरच तरून जाते, असं म्हटलं की फायनान्सवाले हसतात, पण नाही म्हणत नाहीत.

हा पसारा कुणाच्या मूर्खपणामुळे झालेला नाही. ज्याला जेव्हा अडलं तेव्हा हाताशी होतं ते त्याने उचललं. शिवाय टूलं तरी कुठे जागेवर थांबतात? मायक्रोसॉफ्ट फ्लोचं २०१९ मध्ये पॉवर ऑटोमेट झालं. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने बॉट बनवणारं सॉफ्टोमोटिव विकत घेतलं. २०२२ मध्ये बॉटचंच ब्लू प्रिझम एसएस अँड सी कंपनीकडे गेलं आणि त्याच वर्षी ॲप जोडणाऱ्या इंटेग्रोमॅटचं नाव मेक झालं. आपण एकीकरणाचा तीन वर्षांचा आराखडा करावा, तर तो पुरा होईपर्यंत ज्या छपराखाली जायचं त्याचा मालकच बदललेला असतो.

'एका टूलमधलं काम दुसऱ्यात नेणारा कन्व्हर्टर असेलच ना' असं मीटिंगमध्ये कुणीतरी हमखास विचारतं. पण बॉटच्या यूआयपाथचं वर्कफ्लो, म्हणजे कामाच्या पायऱ्या, एक्सएएमएलमध्ये, पॉवर ऑटोमेटचं जेसनमध्ये, एअरफ्लोचं सरळ पायथनमध्ये. बीपीएमएन २.० हे मानक २०११ पासून आहे, २०१३ मध्ये त्याला आयएसओचा शिक्काही मिळाला. प्रक्रियेचं चित्र काढायला ते उत्तमच आहे. पण कुठल्या खिडकीतलं कुठलं बटण बॉटने शोधायचं, ते दिसलं नाही तर किती वेळ थांबायचं, हे सगळं त्या चित्राच्या बाहेर राहतं, आणि हलवताना घाम तिथेच फुटतो.

वेळापत्रकासारखी किरकोळ गोष्टच घ्या. युनिक्सच्या क्रॉन या वेळापत्रकात (रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार) '० ७ * * ५' म्हणजे दर शुक्रवारी सकाळी सात. यूआयपाथचा ऑर्केस्ट्रेटर, म्हणजे बॉटना वेळेवर कामाला लावणारा भाग, क्वार्ट्झ पद्धतीचं क्रॉन वापरतो. त्यात सुरुवातीला सेकंदांचा आणखी एक रकाना असतो, तारीख आणि वार यांपैकी एका जागी प्रश्नचिन्ह लागतं आणि रविवार शून्य नसून एक असतो. म्हणजे तोच पाच तिथे गुरुवार होतो. रकाने मोजून नीट भरले आणि वाराचा आकडा तसाच उचलला, तर एरर येत नाही. काम मुकाट एक दिवस आधी होतं. पगाराच्या किंवा टॅक्सच्या फाइलच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

तर, शीर्षकातला किस्सा. व्हेंडरचं बिल मेलवर येतं. एक फ्लो, म्हणजे आपोआप चालणारी पायऱ्यांची साखळी, त्यातली पीडीएफ शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवतो. बॉट ती उचलून ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या हिशेबाच्या मुख्य सिस्टिममध्ये, नोंद करतो. रात्रीची बॅच मंजूर बिलांची पेमेंट फाइल काढते आणि सकाळी एक मॅक्रो ती बँकेला हव्या त्या साच्यात बसवतो. चार टूलं, चार टीम, चार डॅशबोर्ड. आर्थिक वर्ष बदललं, कुणीतरी फोल्डरची नवी मांडणी केली, मेलच्या फ्लोमध्ये नवा पत्ता घातला. बॉटच्या टीमला कुणी काही कळवलं नाही. बॉट जुन्या फोल्डरमध्ये जायचा, तिथे काहीच नाही म्हणून बाहेर यायचा आणि 'यशस्वी' असा शेरा मारून मोकळा व्हायचा. त्याच्या दृष्टीने ते खरंही होतं. शून्य बिलं होती, शून्य बिलं नोंदली. व्हेंडरचे फोन सुरू झाले तेव्हा चारही टीमने आपापला हिरवा स्क्रीनशॉट पाठवला.

एक टूल केलं असतं तर हे टळलं असतं का? मला नाही वाटत. चुकीचं फोल्डर एकाच टूलमध्येही चुकीचंच राहतं.

म्हणून आम्ही टूलं जिथल्या तिथे ठेवली आणि एक सामाईक नोंदवही केली. नोंदवही म्हणजे डेटाबेसमधलं एक साधं टेबल. प्रत्येक टप्पा संपला की तिथे एक ओळ पडते: कुठलं बिल, कुठला टप्पा, किती वाजता. बहुतेक टूलांना त्यासाठी एक एचटीटीपी कॉल, म्हणजे वेबवरून निरोप, जमतो. मॅक्रोंसाठी ठरलेल्या फोल्डरमध्ये सीएसव्ही फाइल टाकायची सोय केली. आता मेलवर आलेली बिलं आणि ईआरपीत नोंदलेली बिलं यांचा मेळ दर तासाला लागतो, नाही लागला तर फायनान्सला आणि आम्हाला एकच अलर्ट जातो.

यात तंत्रापेक्षा जास्त वेळ खाल्ला तो बिल ओळखायचं कसं या प्रश्नाने. बिल नंबर पुरत नाही, दोन व्हेंडरांचा नंबर सारखा निघतो. मग व्हेंडर कोड जोडला. काही व्हेंडर दर वर्षी एकपासून नंबर सुरू करतात, म्हणून आर्थिक वर्षही जोडलं. त्यात कुणी नंबरात तिरकी रेघ घालतं, कुणी आडवी, कुणी दोन्ही गाळतं. बिल ओळखायची ही किल्ली ठरवायच्या मीटिंगांना सिस्टिमचे आर्किटेक्ट लोक फिरकले नाहीत. अकाउंट्समधल्या दोन सीनियर बायकांनी ती ठरवली, आणि अजून ती टिकून आहे.

दुसरं टेबल ऑटोमेशनच्या यादीचं. मालक कोण या रकान्यात माणसाचं नाव चालत नाही, पद लागतं. माणूस नोकरी सोडतो आणि त्याच्या लॉगिनवर चालणारा फ्लो तेवढा मागे राहतो. कुठल्या खात्याने लॉगिन करतो, कुठल्या ब्राउझरवर, मेल कसा वाचतो, हेही त्यात. हे रकाने कशाला, असं विचारणाऱ्यांना मी २०२२ साल आठवायला सांगते. १५ जूनला इंटरनेट एक्स्प्लोरर ११ निवृत्त झालं आणि १ ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ऑनलाइन या मेलसेवेत नुसत्या युजरनेम-पासवर्डने मेल वाचण्याची जुनी पद्धत बंद व्हायला लागली. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता, आपल्याकडे हे कोण कोण वापरतं? यादी असली तर ती एक क्वेरी असते, नसली तर आठवडाभर सगळ्या विभागांना मेल पाठवत बसावं लागतं.

खर्चाच्या तुलनेबद्दल थोडक्यात. झॅपियर यशस्वी झालेल्या कृती मोजतं, एन-एट-एन या तसल्याच टूलच्या क्लाउडवर अख्ख्या वर्कफ्लोची एक फेरी एक धरतात, आरपीएमध्ये, म्हणजे बॉटच्या टूलांमध्ये, बहुतेकदा बॉटवर लायसन्स. हे तिन्ही आकडे एका एक्सेलमध्ये शेजारी ठेवून 'स्वस्त कोण' ठरवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त महिन्याच्या खऱ्या फेऱ्या किती ते विचारते.

झॅपियर राहिलं, पण कंपनीच्या खात्यावर आणि यादीत नोंद करून. मॅक्रोंपैकी फक्त पैशाला हात लावणारे यादीत घेतले, बाकीच्यांच्या मागे लागलो असतो तर म्हातारी झाले असते.

सध्या भांडण चालू आहे ते सुट्ट्यांवरून. बँकेची यादी वेगळी, एचआरची वेगळी, दुसऱ्या देशातल्या ऑफिसांची आणखी वेगळी, आणि प्रत्येक शेड्यूलरमध्ये कुणीतरी हाताने भरलेली एकेक प्रत. माझं म्हणणं, कॅलेंडर एकच असावं आणि ते ट्रेझरीने, म्हणजे कंपनीचा पैसा हाताळणाऱ्या विभागाने, सांभाळावं, कारण पैसे कधी हलतात ते त्यांनाच पक्कं ठाऊक असतं. ट्रेझरी म्हणते, हे आयटीचं काम. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसणार आहोत.