काळा घोड्याची लोखंडी इमारत

मुंबईत काळा घोड्याला येणारे बहुतेक जण जहांगीर आर्ट गॅलरी बघतात, घोड्यापाशी फोटो काढतात आणि निघतात. डेव्हिड ससून लायब्ररीच्याच रांगेत एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. तिच्याकडे मान वर करून बघणारे थोडेच. माझी वकिलीतली उमेदवारी त्या इमारतीत गेली. तिच्याबद्दल कुणी ‘पाडून टाका’ म्हटलं की मला राहवत नाही.

हे मूळचं वॉटसन हॉटेल, १८६९ च्या सुमारास पूर्ण झालेलं. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. इंग्लंडमध्ये ओतलेले खांब आणि तुळया जहाजाने आणून इथे जोडल्या. सगळा भार या सांगाड्यावर, भिंती फक्त मधली जागा भरायला. माझं टेबल अशाच एका खांबाला लागून होतं. रंगाचे इतके हात बसले होते की नक्षीचे कंगोरे बुजून गेलेले. पोपडा निघाला की खाली हिरवा, त्याखाली पिवळा, आणि मग तांबूस गंज.

७ जुलै १८९६ ला इथेच ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली, तिकीट एक रुपया. भारतातला तो पहिला खेळ. मला त्याची पुढची कडी जास्त मोलाची वाटते. त्या वर्षीच्या मुंबईतल्या या नवलाईने भारावलेल्या सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली.

हॉटेल गेलं, खोल्यांची पार्टिशनं पडली. सेशन्स कोर्ट जवळच, त्यामुळे वकील, नोटरी, टायपिस्ट दाटीवाटीने बसले. दुरुस्ती मात्र रखडतच राहिली. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. जगभरातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या २००६ च्या यादीत तिचं नाव आलं. २०१९ मध्ये इमारत रिकामी करायला लावली, ते योग्यच झालं; माणसं आधी. पण त्याच वर्षी आयआयटीच्या अहवालाने ती पाडावी असं सुचवलं, ते मला मुळीच पटत नाही. जी वास्तू सुटे भाग जोडून उभी राहिली, ती भाग सोडवून, गंजलेला तेवढा बदलून दुरुस्त करायला हवी. खर्च प्रचंड येईल. तो सरकारने उचलावा आणि तळमजला सिनेमाच्या इतिहासासाठी खुला करावा.