हाराच्या फोटोला पाय नसतात

त्या हॉलमध्ये शिरल्यावर मी सगळ्यात आधी बूट पाहिले. जाड रबराचे, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे, बंबवाल्याचे बूट. ते माझ्या बुटांच्या समोर, जवळजवळ त्याच पातळीवर होते. मान वर करत गेलो तर अंगरखा, पट्ट्यांचे चमकते कापड, हात, आणि शेवटी चेहरा. माझ्यापेक्षा वीतभर उंच. दोन पावलं मागं सरलो, कारण एवढ्या जवळ आपण परक्या माणसाच्या उभे राहत नाही. मग लक्षात आलं, हा फोटो आहे.

जानेवारी 2002. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल स्टेशन, त्यातला व्हँडरबिल्ट हॉल. प्रदर्शनाचं नाव ‘फेसेस ऑफ ग्राउंड झीरो’, फोटोग्राफर जो मॅकनॅली. ग्राउंड झीरो म्हणजे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन मनोरे 2001 च्या हल्ल्यात विमानं आदळून कोसळले ती जागा. त्या अकरा सप्टेंबरला मी कुठं होतो हे इथं प्रत्येकाला सांगायचं असतं, माझं थोडक्यात उरकतो: मिडटाऊनच्या ऑफिसात, सुखरूप, संध्याकाळी फेरीबोटीनं नदी ओलांडून जर्सी सिटीत घरी. बाकी बायको सांगेल, ती जास्त रंगवून सांगते.

त्याआधी, म्हणजे सप्टेंबरातच, एक प्रदर्शन शहरभर आपोआप लागलं होतं. ‘मिसिंग’चे कागद, न सापडलेल्या माणसांचे, घरच्यांनी चिकटवलेले. पेन स्टेशन, युनियन स्क्वेअर, सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलची भिंत, बसथांबे, दिव्यांचे खांब. नाव, उंची, वजन, कुठला मनोरा, कितवा मजला, कुठल्या बोटात अंगठी, कुठं व्रण. तेरा तारखेच्या रात्री जोराचा पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी कित्येक कागदांची शाई खाली ओघळलेली. मग लोकांनी प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या.

मी मात्र फोटो कापलेत कसे तेच बघत राहायचो. धंद्यातली खोड. आमच्या अप्पांचा मिरजेत फोटो स्टुडिओ होता. कोणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातलं कोणीतरी लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन यायचं, त्यातल्या एका डोक्यावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, “एवढा मोठा करून द्या.” दहाव्याच्या आत पाहिजे असायचा. अप्पा शेजारच्यांना कापून टाकायचे, मागची मांडवाची झालर ब्रशनं पुसायचे, पण खांद्यावर ठेवलेला दुसऱ्याचा हात काही नीट निघायचा नाही. चार बोटं राहायचीच. न्यूयॉर्कच्या त्या कागदांवर मला तीच चार बोटं दिसली. कुणाच्या खांद्यावर नवरीचा हात, कुणाच्या कडेला अर्धा केक. न्यूयॉर्कमधल्या मृतांचा आकडा पुढं 2,753 ठरला. त्यांत 343 फायर ब्रिगेडचे होते.

म्हणूनच ग्रँड सेंट्रलमध्ये जायला पाय उचलत नव्हता. पुन्हा फोटो कशाला? ऑफिसातली एक बाई म्हणाली, “हे जिवंत माणसांचे आहेत. जा.” तेहतिसाव्या रस्त्यावरून चालत गेलो.

आता कॅमेऱ्याबद्दल, कारण त्या रात्री अप्पांना फोनवर मी तेच सांगत बसलो होतो. दहा डॉलरचं कॉलिंग कार्ड त्यातच संपलं.

“खोलीएवढा कॅमेरा आहे, अप्पा.”

“म्हणजे खोलीत ठेवलेला?”

“नाही. खोलीच कॅमेरा. माणसं आत जाऊन काम करतात.”

पलीकडं शांतता. अप्पांनी आयुष्यभर काळ्या कापडात डोकं घालून दुधी काचेवर उलटी माणसं पाहिली होती. अख्खा माणूस त्या कापडात शिरतो म्हटल्यावर त्यांना विचार करायला वेळ लागला.

पोलरॉईड कंपनीनं हा राक्षस बनवला तो मुळात चित्रांच्या मूळ आकारातल्या नकला काढायला. मॅकनॅलीनं तो माणसांकडं वळवला. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला तो उभा होता. हल्ल्यानंतरच्या काही आठवड्यांत तिथं एकेक जण येऊन भिंगासमोर उभा राहिला. काही तर ढिगाऱ्यावरून थेट, अंगावरच्या कपड्यांनिशी. बंबवाले, पोलीस, डॉक्टर, मागं राहिलेले नातेवाईक. महापौर जुलियानीही. (त्यांच्यासमोर सगळ्यात जास्त गर्दी होती. मी तिथं फार थांबलो नाही. महापौर रोज टीव्हीवर दिसत होते.) एकेक प्रिंट 40 इंच रुंद आणि 80 इंच उंच, म्हणजे साडेसहा फुटांच्या वर. एकूण 246 फोटो. आणि गंमत म्हणावी का काय, त्याच ऑक्टोबरात पोलरॉईडनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

“निगेटिव्ह कुठं ठेवतात एवढी?” अप्पांनी विचारलं.

“निगेटिव्ह नाहीच. दीड मिनिटानं कागद सोलून काढला की फोटो तयार. एकच प्रत.”

“मग रिटचिंग?”

“नाही करता येत.”

“डोळे मिटले तर?”

हा प्रश्न फक्त अप्पाच विचारू शकतात. त्यांच्याकडं लोक देहाचा फोटो काढून घ्यायचे आणि वर म्हणायचे, “डोळे उघडून द्या.” मग अप्पा बारीक ब्रशनं बुबुळं काढायचे. मी म्हटलं, मिटले तर दुसरा काढायचा, आणखी काय. पण हॉलमध्ये मिटलेले डोळे नव्हतेच. सगळे बघत होते, समोर, सरळ. थकलेले, काही तर चक्क वैतागलेले. शेजारी त्या त्या माणसाचे चार शब्द छापलेले होते. मी पहिले दोन-तीन वाचले आणि मग सोडून दिले.

त्या चार महिन्यांत बघण्याबद्दल माझं जरा बिनसलेलं होतं. जर्सीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या सकाळच्या पाथ लोकलमध्ये लोक माझ्या दाढीकडं बघायचे, मग बॅगेकडं, मग दुसरीकडं. पंधरा सप्टेंबरलाच ॲरिझोनात एका शीख माणसाला, पगडी बघून, पेट्रोल पंपावर गोळी घातली होती. मी ऑक्टोबरात दाढी काढली. आजही ती गोष्ट सांगताना मला लाज वाटते, भ्यायलो म्हणून. तर त्या हॉलमध्ये मी एका बंबवाल्यासमोर चांगली पाच मिनिटं उभा राहिलो. तो माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं, आणि दोघांनाही घाई नव्हती.

फोन कट होण्याआधी अप्पांनी शेवटचं विचारलं, “पाय दिसतायत का?”

“दिसतायत. बुटांसकट.”

“मग बरंय. हाराच्या फोटोला पाय नसतात.”

ते प्रदर्शन पुढं बॉस्टन, लंडन, शिकागो, सॅन फ्रान्सिस्कोला गेलं. दहा वर्षांनी, 2011 च्या उन्हाळ्याअखेरीस, कोलंबस सर्कलच्या टाइम वॉर्नर सेंटरमध्ये परत लागलं, तेव्हा लेकीला घेऊन गेलो. मॅकनॅलीनं त्यातल्या काही जणांचे नवे फोटो काढले होते, या वेळी साध्या डिजिटल कॅमेऱ्यानं. केस पिकलेले, पोटं सुटलेली. लेक एका पोलरॉईडला पाठ टेकल्यासारखी उभी राहून डोक्यावर हात ठेवून उंची मोजत होती. पहारेकरी हसला आणि तिला हळूच पुढं ओढलं. मी अप्पांना फोन लावायला खिशात हात घातला, आणि मग आठवलं.

अप्पा 2008 ला गेले. मी विमानातून उतरून मिरजेला पोचलो तेव्हा धाकटा फोटो शोधत होता. ज्या माणसानं अर्ध्या गावाला भिंतीवर चढवलं त्याचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. शेवटी माझ्या लग्नातला निघाला. स्टेजच्या कडेला, कॅमेरा दुसऱ्याच्या हातात आहे म्हणून अस्वस्थ उभे, हात मागं बांधलेले. कोपऱ्यावरच्या नव्या डिजिटलवाल्यानं बघितलं आणि म्हणाला, छातीपर्यंत घेतो, मागं निळं आकाश टाकतो, दहा मिनिटं थांबा.

मी म्हटलं, पूर्ण घे. चपलांसकट. मांडव राहू दे.

धाकटा माझ्याकडं बघत राहिला. “अरे, मग चेहरा सुपारीएवढा येणार. हार कुठं घालायचा?”

तो फोटो आज मिरजेच्या घरात सोफ्यामागच्या भिंतीवर आहे, दारापेक्षा थोडा लहान. हार चेहऱ्यावरून पार गुडघ्यापर्यंत येतो, म्हणून वहिनी तो खिळ्याला एका बाजूनं अडकवते.