पगार म्हणजे अ‍ॅडमिन खर्च नव्हे

मुंबईत मालाडच्या मालवणीतल्या आमच्या छोट्याशा ट्रस्टसाठी पैसे उभे करायचं काम माझ्याकडे आहे. पोक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा दाखल झाला की मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने बालकल्याण समिती सपोर्ट पर्सन, म्हणजे तपास आणि खटल्यात मुलासोबत राहणारी व्यक्ती, नेमते. आमच्या दोन ताई हे काम करतात. हॉस्पिटल, पोलीस स्टेशन, मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब, मग दिंडोशी कोर्टाच्या तारखा. या कामाचं मानधन राज्याच्या निधीतून द्यायची तरतूद 2020 च्या नियमांत आहे. पण त्या भरवशावर मुंबईत घरभाडं भरता येत नाही. म्हणून सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर खर्च करायच्या पैशासाठी, एका कंपनीचं दार ठोठावलं.

कागदपत्रांबद्दल फार सांगत नाही. 12ए आणि 80जी या करसवलतीच्या नोंदण्या, ऑडिट, सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेला 2021 पासून लागणारा सीएसआर-1 नंबर, हे सगळं सीए करून देतो. विश्वस्त बदलल्याचा अर्ज वरळीला धर्मादाय आयुक्तालयात पडून असेल, तर तेवढा आधी मार्गी लावा. कंपनी शेड्यूल-1 चा, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीचा, उतारा मागते आणि त्यावर दिवंगत विश्वस्ताचं नाव दिसलं की फाइल तिथेच थांबते.

खरी झटापट झाली बजेटवर. आमच्या बजेटमध्ये पगार आणि प्रवास सोडला तर उरतं काय? चहा-बिस्किटं. कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, "पगार म्हणजे अ‍ॅडमिन, तो पाच टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. त्यापेक्षा शाळांमध्ये जनजागृती का नाही घेत?" जनजागृतीला माझा विरोध नाही. पण आरोपीच्या वकिलाची उलटतपासणी सुरू होणार असते, तेव्हा बाहेरच्या बाकावर मुलीशेजारी बॅनर बसत नाही.

मी सीएसआर नियमांची प्रत काढली. पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर. प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला लागणारा खर्च त्यात धरत नाहीत. ते कलम पिवळं करून पाठवलं. शिवाय 'पगार' ही एकच ओळ फोडली: कोर्टात सोबत, घरभेटी, नुकसानभरपाईच्या अर्जाचा पाठपुरावा, आणि प्रत्येकापुढे माणूस-तास. रक्कम तीच राहिली. मॅडमनी ते त्यांच्या फायनान्सला दाखवलं आणि तिथून हिरवा कंदील आला.

मग फोटो. दर तिमाही अहवालात लाभार्थीचे फोटो आणि एक 'सक्सेस स्टोरी' हवी होती. पोक्सोच्या कलम 23 नुसार मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही उघड करता येत नाही. चेहरा धूसर केलेला फोटोसुद्धा वस्तीत ओळखला जातो. आमच्या गल्लीत तर चपलेवरून माणूस ओळखतात! शेवटी ठरलं ते असं: नावाऐवजी आमचा सांकेतिक क्रमांक, किती तारखांना सोबत केली, अंतरिम भरपाईचा अर्ज झाला का, शाळा पुन्हा सुरू झाली का. ऑडिटरला रजिस्टर बघायचं असेल तर आमच्या ऑफिसात येऊन बघावं, झेरॉक्स मिळणार नाही. करारात हे लिहून घेतलं. तोंडी 'हो हो' वर विसंबू नका, कारण तिथला माणूस वर्षभरात बदलतो.

राहिली मुदत. खटला शक्यतो वर्षभरात संपवावा असं कायदा म्हणतो, पण दिंडोशीच्या तारखा आपल्या चालीने पडतात. 31 मार्चला पैसे संपले तर ताईंनी अर्ध्या साक्षीतून उठून यायचं का? यावर उपाय नियमांतच आहे. 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी मिळाली, तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे आणखी तीन वर्षं तो चालवता येतो, आणि न खर्चलेली रक्कम कंपनी 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकते. ही मागणी पहिल्याच प्रस्तावात करा. नंतर जोडायची म्हटलं की सगळं पुन्हा त्यांच्या बोर्डापुढे जातं.

मंजुरी आली, पण रिक्षाभाड्याची ओळ त्यांनी अर्ध्यावर आणली. उरलेलं इथल्या एका गणेश मंडळाने वर्गणीतून दिलं. त्यांनी अहवालही मागितला नाही आणि फोटोही नाही.