नागाहामातलं रामेन आणि आमचे माळकरी काका

चाकणच्या एका कारखान्यातले कामगार ट्रेनिंगला जपानला जातात तेव्हा इंटरप्रिटर म्हणून मी सोबत असते. काम बहुतेक लाइनवरचंच. टॉर्क किती, जिग कसा बसवायचा, अमुक गोष्ट का करायची नाही. पण माझा खरा कस लागला तो फुकुओका शहरात, नागाहामा भागातल्या एका रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या दुकानात.

जपानी कारखान्यात लाइनप्रमुखाला हानचो म्हणतात. आमच्या हानचोंचा रामेनवर फार जीव. शनिवारी ते स्वतःच सगळ्यांना शहरात घेऊन आले आणि रस्ताभर बोलत होते. नागाहामाला मासळीचा घाऊक बाजार आहे. तिथे राबणाऱ्यांना जेवायला सवड नसायची, म्हणून इथल्या नूडल्स बारीक, मिनिटभरात शिजणाऱ्या. पण बारीक नूडल्स गरम रश्शात पडल्या की लगेच मऊ होतात. म्हणून एकदम भरपूर वाढत नाहीत. थोड्या खायच्या, रस्सा राखून ठेवायचा आणि त्यात नूडल्सची आणखी एक वाढणी मागून घ्यायची. तिला काएदामा म्हणतात. जवळच्या कुरुमे गावात 1937 साली एका गाड्यावर डुकराच्या हाडांच्या रश्शाचं रामेन सुरू झालं आणि पुढे ते सगळ्या क्युशू बेटावर पसरलं. हाडं मोठ्या आचेवर तासन्‌तास खळखळ उकळतात, त्यातली चरबी पाण्यात मिसळून जाते आणि रस्सा दुधासारखा पांढरा होतो.

हे सगळं मी मराठीत सांगत होते. पोरं खूश होती. मागून येणारे काका मात्र जागच्या जागी थांबले.

काका आमच्या बॅचमधले सगळ्यात जुने फिटर. गळ्यात तुळशीची माळ. हॉस्टेलवर स्वतः भात-पिठलं करायचे आणि प्लांटवर डबा आणायचे. ते मला हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही जाऊन या. मी हितंच थांबतो."

आमच्या बरोबरच्या साहेबांनी मला बाजूला घेतलं. "हानचो स्वतःच्या खिशातून खाऊ घालतोय. मान ठेवायला नको का? काकांना सांग ना व्हेज सूप आहे म्हणून. दिसायला पांढरंच आहे, कोणाला कळतंय?"

मी म्हटलं, "साहेब, हे मी बोलणार नाही."

त्यांना राग आला, ते दिसतच होतं. पण प्लांटमध्ये 'प्रेस बंद आहे' असं मी म्हटलं की काका आत हात घालतात. जपानी त्यांना येत नाही. माझ्या तोंडून येतं तेच त्यांच्यासाठी खरं. त्या माणसाला डुकराचा रस्सा भाजीचा म्हणून पाजायचा, तर उद्या लाइनवर मी कोणत्या तोंडाने उभी राहू?

मग हानचोंना सगळं खरं सांगितलं. इथे एक अडचण कायम येते. 'मांस नको' म्हटलं की जपानमध्ये वरचे मांसाचे तुकडे काढतात, खालचा रस्सा तोच राहतो. म्हणून मी एकेक जिन्नस घेतला: मांस नाही, हाडांचा रस्सा नाही, डुकराची चरबी नाही, मासे नाहीत, सुक्या माशाचं पाणी नाही, अंडं नाही. बौद्ध मठातल्या भिक्षूंच्या जेवणाचं उदाहरण दिलं. हानचो भर रस्त्यात काकांसमोर कमरेत वाकले. काकांना आपलं जेवण आवडत नाही म्हणून ते डबा आणतात, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं.

"बाहेर उभं करणार नाही," एवढं बोलून ते आत गेले. दुकान छोटं, नुसतं काउंटर, दारात रांग. अशा ठिकाणी बसेल त्याने एक वाडगा रामेन घ्यायचंच, हा रिवाज. रामेन न घेता जागा मागणं सोपं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली.

दुकानदाराने एकेक गोष्ट माझ्याबरोबर तपासली. नूडल्स बाद, कारण रस्सा आणि भांडी तीच. भात चालेल, त्याचा कुकर वेगळा. मग ताकाना, म्हणजे मोहरीच्या पानांचं तिखट लोणचं. मला वाटलं हे तरी जमेल. त्याने मागून पाकीट आणलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि बारीक अक्षरांवरून बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबला. माशाचा अर्क. पाकीट माझ्यासमोर धरून त्याने मान हलवली. दारात रांग वाढत होती, त्याची चूल पेटलेली होती, आणि तरीही हा माणूस एका परक्याच्या नेमासाठी पाकीट वाचत होता. आले-तीळ तेवढे राहिले. लाल आल्याचं पाकीटही त्याने वाचलं, मगच हो म्हणाला.

भात तो फुकट द्यायला तयार होता. काका ऐकेनात. "तिकीट काढूनच खाणार." तिथे दारातच मशीन असतं. आधी पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. काकांची हजार येनची नोट मशीन सारखी बाहेर टाकत होतं. जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्या, पण छोट्या दुकानांची जुनी मशीन त्या घेतात असं नाही. दुकानदाराने जुनी नोट काढून दिली. नव्या नोटेवर शास्त्रज्ञ कितासातो आहेत, 1894 मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणाऱ्यांपैकी एक. हे ऐकून काकांनी नोट पुन्हा हातात मागून घेतली. त्यांच्या पणजोबांचं निम्मं घर पुण्याच्या प्लेगात गेलं होतं.

पोरांनी नूडल्स कडक मागवल्या, सुर्रकन ओढल्या, काएदामाही घेतला. साहेबही जेवले, माझ्याशी बोलले नाहीत. काकांनी शेवटचं शीतही न सोडता भात संपवला आणि दुकानदाराला हात जोडले.

भारतात परतताना टोकियो स्टेशनवर गाडी बदलायची होती. तिथे जेआर रेल्वेच्या तिकीट गेटच्या आत, केइयो लाइनकडे जाणाऱ्या वाटेवर 'टीज् तानतान' हे रामेनचं दुकान आहे. मांस, मासे, अंडं, दूध, काही वापरत नाहीत. मी काकांना तिथे नेलं. तिळाचा दाट रस्सा. पहिला घोट घेऊन ते म्हणाले, "आपल्या शेंगदाण्याच्या आमटीच्या जवळ जातंय की!" आणि आवाज करत जेवले.

त्यांचा फोटो मी हानचोंना पाठवला. लगेच उत्तर आलं: पुढच्या बॅचमध्ये असे किती जण आहेत, आधी कळवा.