नऊने सुरू होणारा क्रमांक

ऑगस्ट २०२३ मध्ये एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, मी न्यू जर्सीत आले. नोकरीची परवानगी नसल्यामुळे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथे नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी ओळखक्रमांक, मिळणार नव्हता, आणि उत्पन्नच नसताना इथल्या करखात्याशी, म्हणजे आयआरएसशी, आपला काय संबंध येणार, अशी माझी समजूत होती. पुढच्या मार्चमध्ये नवऱ्याचे विवरणपत्र भरायची वेळ आली तेव्हा ती चुकीची ठरली. स्वतंत्र विवरणपत्र भरले तर २०२३ साठी प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी करमुक्त रक्कम, १३,८५० डॉलर होती, संयुक्त भरले तर २७,७००. मात्र संयुक्त विवरणपत्रात माझ्या नावापुढेही क्रमांक लागणार होता. ज्यांना सोशल सिक्युरिटी नंबर मिळू शकत नाही पण करासाठी ओळख हवी असते, अशांना आयआरएस १९९६ पासून जो नऊ आकडी क्रमांक देते तो आयटिन. तो नेहमी ९ ने सुरू होतो. त्याच्या बळावर नोकरी करता येत नाही आणि व्हिसाच्या दर्जातही काही फरक पडत नाही.

अर्जाचा फॉर्म डब्ल्यू-७ एका पानाचा आहे. सुरुवातीलाच कायदेशीर नाव आणि त्याखाली, वेगळे असल्यास, जन्माच्या वेळचे नाव विचारले आहे. लग्नानंतर आडनावाबरोबर मधले नावही बदलणाऱ्या आपल्यासारख्यांसाठीच जणू ही ओळ छापली असावी, असे मला वाटले. पुढे मायदेशातला करक्रमांक विचारला होता. तिथे मी पॅन लिहिला. पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि पॅन कार्ड अजून माहेरच्या नावाचे, त्यामुळे दोन्ही नावे त्या एका पानावर आली ते बरेच झाले.

खरा घोळ पासपोर्टच्या प्रतीचा झाला. विवरणपत्र तयार करून देणाऱ्या गृहस्थांनी नोटरीचा शिक्का मारलेली प्रत पुरेल असे ठामपणे सांगितले होते. फॉर्मच्या सूचना मी स्वतः वाचल्या नसत्या तर अर्ज परत आला असता, कारण तिथे मूळ पासपोर्ट तरी लागतो, नाहीतर तो देणाऱ्या यंत्रणेनेच प्रमाणित केलेली प्रत. पासपोर्ट टपालाने टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवून कित्येक आठवडे त्याच्याविना राहण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून फोनवर वेळ ठरवून आम्ही आयआरएसच्या करदाता सहाय्य केंद्रात गेलो. खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट पाहून लगेच परत दिला आणि डब्ल्यू-७ च्या खाली जोडलेले कागदी विवरणपत्र ठेवून घेतले. त्यात माझ्या क्रमांकाची जागा कोरीच होती.

या धावपळीत सगळे लक्ष क्रमांकाकडे असते आणि सही कशावर करतो आहोत याचा विचार मागे पडतो. त्या वर्षी रहिवासी ठरायला माझा अमेरिकेतला मुक्काम अपुरा होता, म्हणून मला करापुरते रहिवासी मानावे असे निवेदन आम्ही दोघांच्या सहीने विवरणपत्राला जोडले होते. त्याचा अर्थ असा, की सांगलीच्या बँकेतल्या माझ्या एफडीचे व्याजही अमेरिकेत दाखवणे भाग होते. भारतात त्यावर भरलेल्या कराची सवलत मिळते, पण ते व्याज लपवता येत नाही. शिवाय संयुक्त विवरणपत्रावर सही केली की संपूर्ण कराची जबाबदारी दोघांवरही येते, मग कमावणारा एकटाच का असेना. घरखर्चाच्या हिशेबात आजवर मला कोणी इतके महत्त्व दिले नव्हते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिलेल्या अर्जाचे उत्तर जूनच्या मध्यावर आले. सलग तीन वर्षे विवरणपत्रात वापरला नाही तर हा क्रमांक तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला बाद होतो, एवढे मी डायरीत टिपून ठेवले. ती वेळ आली नाही. २०२५ मध्ये मला नोकरीची परवानगी मिळाली आणि पाठोपाठ सोशल सिक्युरिटी नंबरही. दोन्ही क्रमांक एकाच वेळी वापरता येत नाहीत, म्हणून जुन्या क्रमांकाखालच्या नोंदी नव्याला जोडाव्यात असे पत्र आयआरएसला लिहिले आणि सोबत नव्या कार्डाची व आयटिन कळवणाऱ्या पत्राची प्रत जोडली. पॅन कार्डावर मात्र अजूनही माहेरचेच नाव आहे.