ड्रॉ? ब्याड!

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर कास्टिंगमधले ब्लोहोल, म्हणजे हवेनं पडलेली भोकं, शोधायची. बुद्धिबळाच्या पटावरची मात्र दिसत नाहीत, म्हणून तर रेटिंग (खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) १५६२ वर रुतून बसलंय.

रविवारी खानापूरहून पहिली गाडी धरून स्पर्धेसाठी टिळकवाडीला आलो. तिसऱ्या फेरीत समोर हुबळीचा कॉलेजातला पोरगा, रेटिंग १८७२. ओपनिंगचं काही सांगण्यासारखं नाही. पांढरी माझी, लंडन नावाची ओपनिंग लावली, फटाफट मारामारी झाली. राहिलं काय, तर दोघांचा एकेक हत्ती आणि माझं जी-फाइलवरचं एक प्यादं.

चाल करून तो हळूच म्हणाला, "ड्रॉ माडोणा, अंकल?" म्हणजे कानडीत, ड्रॉ करूया का?

डोक्यात आधी हिशेबच आला. के (एका डावानं रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) २० धरला तर ड्रॉला रेटिंगचे ७.२ गुण, जिंकलो तर १७.२. म्हटलं, "ब्याड." नको. हिंमत वगैरे काही नाही हो. एंडगेममधली मला एकच गोष्ट पक्की येते, लुसेना, म्हणजे हत्ती आणि एका प्याद्यानं जिंकायची ठरलेली पोझिशन. जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या टेबलावर कितीदा मांडलीय. (गंमत म्हणजे जिच्या नावानं ती ओळखतात त्या लुसेनाच्या १४९७ च्या पुस्तकात ही पोझिशन नाहीच. नावाचा घोळ आम्हा बेळगाव-बेळगावीवाल्यांना काय नवा?)

प्यादं सातव्या घरात, पुढं माझाच राजा अडकलेला. एक शह देऊन त्याचा राजा लांब सारला आणि हत्ती ई-४ वर आणून ठेवला. मग राजा बाहेर काढला. तो शहावर शह देतोय, माझा राजा एकेक घर खाली उतरतोय. घड्याळात मिनिटभर उरलेलं, चालीला ३० सेकंद मिळतात तेवढाच आधार, आणि त्यामुळंच प्रत्येक चाल लिहायचीही. चौथ्या शहाला हत्ती जी-४ वर आडवा घातला आणि नेमकं पेन बंद पडलं! आर्बिटरचं, म्हणजे पंचांचं, मागून घेतलं. पोरानं हार मानून हात पुढं केला.

बाहेर चहाच्या गाड्यावर त्यानं मोबाइलवर पट मांडला. माझं प्यादं पुढं सरकण्याआधी स्वतःचा हत्ती माझ्या बाजूनं सहाव्या ओळीवर उभा केला. "इथंच थांबायचं होतं, अंकल. मग तुमचा राजा पुढं येऊच शकत नाही. सरळ ड्रॉ. घाईत चुकलो."

म्हणजे मी नाकारला तेव्हा खरंच ड्रॉच होता. "होय की," म्हणालो, जणू मला ते ठाऊकच होतं, आणि चहाचे पैसे दिले.